तिसरा पुकारा

भोकरदनच्या बसस्थानकावर एका दुपारी सिल्लोडला निघालेल्या गाडीतून तीन बायका पिशव्यांसकट खाली उतरल्या, कारण कोणीतरी भरदार आवाजात ओरडलं होतं, "पूल कोसळून राह्यलाय! मागं फिरा, न्हाईतर जीव जाईल!" ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कोणता पूल, कुठला पूल, याची चौकशी सुरू झाली. ती फिरत फिरत स्थानकाला लागूनच असलेल्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानाच्या मागच्या खोलीपर्यंत आली, आणि तिथे खरातअण्णा एका पितळी परातीसमोर मांडी घालून बसलेले सापडले. पूल काळघाटात होता. काळघाट अण्णांच्या डोक्यात होता.

बायकांची समजूत घालायला मी बाहेर निघालो, तेव्हा अण्णा आतूनच म्हणाले, "माझ्या वतीनं माफी मागा त्यांची. पण पूल तर पडणारच हाये."

सुदाम खरात हे त्यांचं पूर्ण नाव. सगळं आयुष्य मिरचीच्या बाजारात हर्रास पुकारण्यात गेलेलं. लाल ढिगाऱ्याच्या टोकावर उभं राहायचं, व्यापाऱ्यांच्या बोली झेलायच्या आणि शेवटच्या बोलीवर आवाज चढवायचा: एक बार, दोन बार, तीन बार. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर माल गेला. मग बोली लावणाऱ्याने कपाळावर हात मारला काय किंवा शेतकरी रडला काय, शब्द परत येत नसे. उंच, काटकुळा माणूस, पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं, आणि या सगळ्या काटकीतून असा आवाज निघे, की देवाने एका माणसाचा गळा दुसऱ्याला बसवला असावा असं वाटे.

निवृत्त झाल्यावर हा आवाज घरात मावेना. तेव्हाच त्यांची मुलगी प्रज्ञा पुण्याहून सुट्टीला आली आणि येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फाशांची एक पिशवी घेऊन आली. खेळ असा: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. समोर काय दिसतंय ते सांगणारा सांगतो, आपण काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस तोंडांचा फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही. एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते. प्रज्ञाने वडिलांना हे शिकवलं आणि नोकरीवर परत गेली. फासे मात्र इथेच राहिले.

आम्ही तिघे खेळणारे. बापूसाहेब हे जवळच्याच गावचे, पिढीजात जमीन राखून असलेले, अंगाने आडवे आणि मनाने हळवे. ते झाले योद्धा वज्रसिंह. वैशाली एसटीत कंडक्टर. ती झाली चोरटी बिजली. तिच्या सुट्टीचा वार बदलला, की आमच्या राज्याचा कारभारही त्या वारावर सरके. आणि तिसरा मी, गणपतीतल्या नाटकांमध्ये राजे आणि राक्षस दोन्ही केलेला. मी जादूगार धूम्रकेतू झालो आणि प्रत्येक मंत्राआधी एक स्वगत म्हणू लागलो. अण्णा डोळे मिटून ते ऐकत. मग विचारत, "भाषण झालं? आता करता काय ते सांगा."

हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता दुकानात एखादं गिऱ्हाईक फार बोलायला लागलं तर माझ्या तोंडी तेच येतं.

खेळ पुस्तकातला असला तरी अण्णांनी त्याला बाजाराचा कायदा लावला. सुरुवातीला फासे सगळ्यांच्या हातावर फिरत. "माल बघून घ्या," ते म्हणत, आणि आम्ही मिरची पारखावी तसे फासे उलटसुलट करून बघत असू. मग कोणी काही करायचं ठरवलं, की अण्णा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारत. "वज्रसिंह गुहेत शिरून राह्यला... एक बार!" यावर बाकीच्यांनी त्याला समजवावं, भांडावं, हात धरावा. "दोन बार!" आता त्याने स्वतः विचार करावा. "तीन बार!" संपलं. मग फासा परातीत पडणार, खणखणत फिरणार, आणि जे तोंड वर येईल ते येईल. त्यांच्या राक्षसांनासुद्धा हाच कायदा. राक्षसाने कोणाला खायचं हेही अण्णा तीनदा पुकारत, आणि एकदा पुकारलं की स्वतःलासुद्धा ते बदलू देत नसत.

"पात्र तुमचं, फासा परातीचा," ते म्हणत. "मी कोण? मी पुकारणारा."

बाजारात अण्णा बापूंना 'तुम्ही' म्हणत आणि बापू त्यांना नुसतं 'खरात' म्हणत. माझ्या खोलीत तिसऱ्या-चौथ्या बैठकीला कधीतरी 'खरात'चे 'अण्णा' झाले. अण्णा बापूंना 'तुम्ही'च म्हणत राहिले, पण वज्रसिंहाला मात्र खुशाल 'अरे-तुरे' करत. "उठ रे वज्रसिंहा, तुझ्या छातीवर विंचू चढून राह्यला!" की बापू खरोखर छाती झटकत.

कारण बापू त्या पात्रात बुडालेच होते. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागे मोठ्या अक्षरात 'वज्रसिंह' रंगवून घेतलं. त्यांच्या दोन्ही मुलांनी विचारलं, हा कोण? बापू म्हणाले, "हाये एकजण." घरात काही दिवस बराच संशय होता.

पहिलं मोठं भांडण झालं ते बाटलीवरून. प्राण परत आणणाऱ्या औषधाची एकुलती एक बाटली वज्रसिंहाच्या पोतडीत होती. आमची टोळी रानात झोपली असताना वैशाली शांतपणे म्हणाली, "बिजली उठते आणि बापूकाकांच्या पोतडीतून बाटली काढते."

बापू उठून उभेच राहिले. "हे काय चाल्लंय? आपण एका बाजूचे ना?"

"काका, माझं पात्र चोर आहे. चोरी न्हाई करणार तर काय निंदायला जाणार?"

"झोपलेल्या माणसाची?"

"जागा असता तर दिली असती का तुम्ही?"

आम्ही अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी बशीतला चहा संपवला. वैशालीला असं करता येतं की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. पात्र तिचं, हात तिचा. पण ही चोरी उघड पुकारली जाईल, त्यांनी सांगितलं; त्यांच्या कानात येऊन गुपचूप काही करायचं नाही. बापूंनी ते ऐकायचं, आणि वज्रसिंहाने मात्र ऐकायचं नाही.

"म्हंजे?" बापू.

"तुम्हाला माहीत हाये. त्याला न्हाई. तो झोपेल हाये."

"पण मी जागा हाये न्!"

"तुमचा काय संबंध?" अण्णा म्हणाले. "एक बार."

बिजलीने बाटली मारली. पुढच्या चार बैठका बापूंनी जो अभिनय केला, तसा मी कुठल्याच रंगमंचावर पाहिला नाही. वज्रसिंहाला अचानक रात्री थंडी वाजू लागली, म्हणून तो पोतडी पोटाशी घेऊन झोपे. त्याला बिजलीबरोबर पहारा नकोसा झाला, का ते त्याचं त्यालाच कळेना. वैशाली हसून हसून भिंतीला टेकायची. बैठक संपली की बापू तिच्याशी एक शब्द बोलत नसत, पण गावाला परत जाताना तिच्याच गाडीत बसत, कारण वेळेवर तीच एक गाडी होती. तिकीट ते खिडकीबाहेर बघत घेत.

अण्णांच्या घरीही या चोरीची बातमी गेली. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला दारातच धरलं. "सकाळी बुद्धवंदनेत चोरी करणार न्हाई म्हणून शील घेतात, आन् दुपारी तुमच्याकडं येऊन चोऱ्या करवतात."

मागून आवाज आला, "मी करवत न्हाई. मी पुकारतो."

बापूंना वाटलं, हा माणूस न्यायाने वळत नाही तर जिभेने वळेल. हिवाळ्यात त्यांनी शेतावरून कोवळा हुरडा आणला, सोबत शेंगदाण्याची चटणी. अण्णांनी पोटभर खाल्ला, बोटं चाटली, काकूंसाठी बांधूनही घेतला. आणि त्याच दुपारी वज्रसिंह चोरखड्ड्यात पडून त्याचा पाय मोडला. बापूंचा चेहरा बघवेना.

"हुरडा गोड व्हता," अण्णा म्हणाले. "खड्डा खोल व्हता. दोघांचा एकमेकाशी काय संबंध?"

पुढे काही वर्षांनी एका दिवाळीला प्रज्ञा आली तेव्हा तिला बैठकीत बसवलं. तिने परात पाहिली, फासे फिरताना पाहिले आणि हसत म्हणाली, "पप्पा, आमच्याकडे गोष्ट सांगणारा पुठ्ठ्याच्या आडोशामागं बसतो. फासा त्याचा त्यालाच दिसतो."

"काहून?"

"कधी फासा फार वाईट पडला, आणि गोष्टीचा विचका होत असला, तर तो चांगला पडला म्हणून सांगता येतं. कोणाचं आवडतं पात्र वाचतं. खेळ मजेसाठी आहे ना?"

अण्णांनी फासा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पडद्यामागं वजन. काटा कोणाला दिसू द्यायचा न्हाई."

"वजन नाही पप्पा, दया."

"मंग ज्याची मला दया येईल त्याचं पात्र जगणार. ज्याची येणार न्हाई त्याचं?"

बापू ताबडतोब प्रज्ञाच्या बाजूने झाले. चार-पाच वर्षं सांभाळलेला माणूस एका प्लॅस्टिकच्या तुकड्याने मरतो, हा कुठला इन्साफ, असं त्यांचं म्हणणं. वैशालीने उलटं धरलं. "मी ओळखीच्याला बिनतिकीट बसवलं, तर बाकीच्यांनी तिकीट काहून काढायचं?" मी दोन्ही बाजूंनी छान बोललो. प्रज्ञा म्हणाली, गोष्ट कोणासाठी आहे, फाशासाठी की माणसांसाठी? आणि खरं सांगू का, तिचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. अण्णांनाही वाटलं नसावं. ते एवढंच म्हणाले, "पोरी, मी आयुष्यभर उघड्यावर पुकारलं. मला आडोशामागं बसता येणार न्हाई. लाजल्यासारखं व्हईल."

हे बोलताना ते खोकले. खोकला त्यांना पहिल्यापासून होताच. मिरचीच्या खळ्यात जन्म काढलेला माणूस खोकणारच, म्हणून आम्ही कधी लक्ष दिलं नाही. पण संक्रांतीनंतर आवाज चिरकू लागला. पूल पडायचे, दरड कोसळायची, पण बसस्थानकावर आता कोणी खाली उतरत नसे. डॉक्टरांना घशात गाठ दिसली. ती पुण्याला नेऊन काढायची. आवाज परत येईल न येईल, याचा भरवसा कोणी दिला नाही. प्रज्ञा त्यांना न्यायला आली. निघण्याआधी एक बैठक करायची असं अण्णांनीच ठरवलं. काळघाटाची गोष्ट अर्धी टाकून ते जाणार नव्हते.

त्या दुपारी बापू इस्त्रीचे कपडे घालून आले. प्रज्ञा भिंतीशी बसली. फासे हातोहात फिरले.

प्रसंग असा होता: वज्रसिंहाने काळघाटाचं लोखंडी फाटक साखळीने वर ओढून धरायचं, तोवर खालच्या गावकऱ्यांनी त्याखालून निसटायचं. शेवटी बिजली. मागून पंखवाला अजगर उतरतोय. ('ड्रॅगन' हा शब्द अण्णांना पसंत नव्हता, एवढ्या मोठ्या जनावराला एवढंसं नाव, म्हणत.) साखळी सोडली तर वज्रसिंह सहज पळून जाईल, पण फाटक बिजलीवर पडेल. धरून ठेवली तर फाशावर एक सोडून काहीही आलं तरी तो वाचेल. एक आला तर अजगराच्या तोंडी.

"धरून ठेवतो," बापू म्हणाले. चोर असली तरी आमची हाये, हेही पुटपुटले.

"वज्रसिंह साखळी धरून राह्यला," अण्णा म्हणाले. आवाज खरखरत होता. "एक बार."

प्रज्ञा पुढे सरकली.

"दोन बार," आणि अण्णांना उबळ आली. वैशालीने पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला, डोळे पुसले, परात जवळ ओढली आणि फासा टाकला.

तो परातीच्या काठाला लागला, फिरला, रेंगाळला आणि बसला. एक.

मग सगळे एकदम बोलू लागले. फासा काठाला लागला, असं बापू म्हणाले. परात कललेली होती, असंही म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "हे बिलकुल बराबर न्हाई. मी उठतो. मी परत या खेळाला येणार न्हाई." प्रज्ञाने हळूच वडिलांच्या बाहीला हात लावला. "पप्पा, आज तरी. परत टाका ना."

अण्णांनी मान हलवली. नाही. पण मान हलवताना त्यांनी बापूंकडे पाहिलं नाही.

तेव्हा वैशाली म्हणाली, "अण्णा, तुम्ही तिसरा पुकारा केलाच न्हाई."

आम्ही आठवून पाहिलं. एक बार. दोन बार. खोकला. पाणी. फासा. खरंच की! सगळ्या आयुष्यात, ढिगाऱ्यांवर उभं राहून, हजार व्यापारी एकमेकांवर ओरडत असताना जे कधी घडलं नाही, ते माझ्या खोलीत घडलं होतं. अण्णांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं गाठीचं कळल्यावरही तो इतका उतरला नसेल.

त्यांनी फासा उचलला आणि बापूंच्या पुढे ठेवला. "चूक माझी. तिसऱ्याशिवाय पडलेला फासा बाद. बोली उघडी हाये, बापू. माल अजून तुमचाच. साखळी धरता का सोडता, सांगा. धरली तर परत टाकू."

प्रज्ञाने सुटकेचा श्वास सोडला. तिची दया आणि बापाचा कायदा, दोघांनी एकाच दारातून यावं असं झालं होतं. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो.

बापू फाशाकडे बघत राहिले. बाहेर एक गाडी लागली, लोक चढले, गाडी गेली.

"एक विचारतो," ते म्हणाले. "तिसरा पुकारा कशासाठी असतो?"

"माणसाला इरादा बदलायचा असंल तर."

"मी बदलला असता का?"

उत्तरही बापूंनीच दिलं.

"न्हाई. धरूनच ठेवली असती. मंग फासा काहून बदलायचा?" बापूंनी फासा दोन बोटांत उचलला, तसाच, एकाचं तोंड वर ठेवून, आणि परातीच्या मधोमध ठेवला. "तीन म्हणा."

"बापू, कायद्यानं तो फासा..."

"पात्र माझं का तुमचं?"

अण्णांनी परात सरळ केली, पुन्हा सरळ केली. त्या माणसाने एवढा वेळ कधी लावला नव्हता. वैशालीने बॅगेत हात घातला आणि पाण्याची रिकामी बाटली उगाच बाहेर काढून पुन्हा आत ठेवली. "काका, माझ्यापाशी ती औषधाची बाटली..."

"ती घेऊन तू खालच्या वाटेवर हायेस. पोचणार न्हाईस," बापू म्हणाले. "मला माहीत हाये. वज्रसिंहाला पण माहीत हाये आता. अण्णा, म्हणा."

"तीन बार," अण्णा म्हणाले.

शेजारच्या चहाच्या टपरीपर्यंतही ते गेलं नसतं. पण आम्हा चौघांना अगदी स्पष्ट ऐकू आलं.

शेवटी बापूच म्हणाले, "चहा सांगा कोणीतरी. मेल्या माणसाला पण चहा लागतो."

दोन दिवसांनी अण्णा निघाले. संभाजीनगरच्या सकाळच्या गाडीत, पुढे पुण्यासाठी. गाडीवर वैशालीची ड्यूटी होती. तिने खिडकीची जागा रुमाल टाकून धरून ठेवली होती. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती, त्यामुळे अण्णा खिडकीत पुतळ्यासारखे बसले होते, आणि काकू त्यांच्या वतीने सगळ्यांना सगळं सांगत होत्या. प्रज्ञाच्या मांडीवर परात होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

गाडी सुटायच्या बेतात असताना बापूंचा ट्रॅक्टर स्थानकात घुसला. जे घुसवायचं नसतं तिथे घुसला, म्हणून दोन ड्रायव्हर त्यांच्यावर ओरडलेही. ट्रॉली वळली तेव्हा मी मागचं नाव पाहिलं. 'वज्रसिंह'च्या आधी ताज्या पांढऱ्या रंगात दोन अक्षरं मावतील एवढ्या जागेत 'कै.' लिहिलेलं होतं.

अण्णांनीही पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. हसायलासुद्धा बंदी असावी, कारण प्रज्ञाने त्यांच्या दंडावर चापट मारली.

बापू खिडकीखाली येऊन उभे राहिले. "आता मी कोण होऊ, ते ठरवून ठेवलंय," ते म्हणाले. "जादूगार होतो. या नाटकवाल्यापेक्षा बराबर करीन. भाषण न्हाई करणार. पण तुम्ही आल्यावर. दुसऱ्या कोणाच्या परातीत मी फासा पडू देणार न्हाई."

वैशालीने दोरी ओढली. गाडी हलली. अण्णांनी खिडकीबाहेर हात काढला आणि एक बोट वर केलं. बापू ताठ झाले. मग दुसरं बोट वर केलं. गाडी फाटकाशी वळत होती. बापू गाडीबरोबर चार पावलं चालले आणि थांबले. आम्ही दोघेही त्या हाताकडे बघत होतो.

तिसरं बोट त्यांनी दुमडून धरलं होतं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते वर गेलं नाही.